यारीवरची छबुबाई

“तोंड उघड.”

“अवं आत्याबाई, कालच्याला एकादस हुती माजी...”

“तोंड उघड म्हन्ले ना. एकादस हाय का न्हाई ते मी बघते.”

हनुमान म्हणजे दारातून आत यायचं तर मान खाली घालावी लागेल असा गडी. पहार हातात घेतली की खडकालाच घाम फुटावा. तो कमरेत वाकला आणि जेमतेम त्याच्या छातीएवढ्या असलेल्या आमच्या आत्याबाईंच्या नाकासमोर तोंड उघडून ‘हाऽऽ’ केलं. आत्याबाईंनी डोळे मिटून वास घेतला.

“इलायची कावून खाल्ली?”

“दाढ दुखतीया.”

“मंग दाढ घिऊन त्या लिंबाखाली बस आज. खाली जायचं न्हाई.”

“आवं पन प्यालो न्हाई मी!”

“निर्मळ तोंडाला इलायची लागत न्हाई. बस जा.”

गेला बिचारा. आत्याबाईंच्या कायद्यात लवंग, वेलची, बडीशेप, सगळं दारूच्याच खात्यावर. बाकीचे खी खी करत आपापली तोंडं उघडून पुढे सरकले. माझा नवरा प्रविण शेवटचा. पोटच्या पोराचंही तोंड हुंगल्याशिवाय ही बाई त्याला विहिरीत सोडत नाही. रोज सकाळी, आणि दुपारी भाकरी खाल्ल्यावर पुन्हा एकदा.

मी वैष्णवी, यांची सून. केजला बारावीपर्यंत शिकले. लग्न जमवणाऱ्यानं माझ्या घरी सांगितलं होतं, “पोराच्या घरी मशीनचा धंदा हाय.” मला वाटलं, पिठाची गिरणी असेल. आले तर काय, यारी! विहीर खोदताना काठावर उभं करतात ते लोखंडी धूड. डिझेलचं इंजिन, पुढे लांब हात, त्याला जाड तार, तारेला बादली. बादली म्हणजे माणूस आत उभा राहील एवढी. त्याच बादलीतून दगड वर येतात आणि त्याच बादलीतून माणसं खाली जातात. ती सोडायची किती, थांबवायची कुठे, हे सगळं एका ब्रेकच्या दांड्यावर. त्या दांड्यावर कोण बसतं? आमच्या सासूबाई, छबुबाई. नऊवारीचा काष्टा मारून, डोक्याला टॉवेल बांधून. अख्ख्या जिल्ह्यात दुसरी बाई यारी चालवत असेल तर मला आणून दाखवा.

पूर्वी दांड्यावर आमचे मामंजी बसत, बद्रीनाथ. त्यांचा हात असा की बादलीत काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला तरी तो हिंदकळायचा नाही, असं अजून म्हातारे लोक सांगतात. पण आमच्या धंद्याची एक रीत होती. पाणी लागलं की मालकानं बोकड कापायचा आणि बाटल्या आणायच्या, आणि सगळ्यांनी तिथेच विहिरीच्या काठावर बसून प्यायचं. नाही प्यालं तर मालकाला राग. पिऊन झालं की खालची माणसं वर काढायची, अवजारं काढायची, कधी उरलेला खडकही फोडायचा. सगळीकडे असंच चालायचं आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

अशाच एका पाण्याच्या दिवशी मामंजींच्या हातून बादली सुटली आणि ब्रेक लागला तेव्हा ती खाली तळात उभ्या असलेल्या प्रविणच्या डोक्यावर वीतभर राहिली होती. कोणी मेलं नाही. कोणाला खरचटलंही नाही. मामंजी हसलेसुद्धा, “थांबवली का न्हाई बराबर?” म्हणून. आत्याबाई तेव्हा वर दगड ओढत होत्या. त्या सरळ चालत आल्या, मामंजींची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली आणि म्हणाल्या, “उठा.” मामंजींना वाटलं, बायको चिडली आहे, संध्याकाळपर्यंत विसरेल. ती अजून विसरलेली नाही. तेव्हापासून दांडा आत्याबाईंकडे आणि स्वयंपाक मामंजींकडे. मटण फार झकास करतात, ते मात्र खरं.

तर हनुमानला लिंबाखाली बसवलं त्या दिवशी आम्ही नांदूरघाटच्या शिवारात होतो. विहीर विजयसिंहदादांची. दादा म्हणजे मोठं प्रस्थ. जमीन, जीप, पुढारपण, सगळं आलं. माणूस तसा दिलदार. आदल्या संध्याकाळी सुरुंगाचा बार उडवला आणि पश्चिमेच्या अंगानं झरा फुटला. दादांनी तिथल्या तिथे शब्द दिला होता, की माझ्या दोन्ही भावांच्या विहिरीही तुम्हीच खोदायच्या. म्हणजे सगळा उन्हाळा एका जागी काम. सामान बांधणं नको, गावोगाव काम मागत फिरणं नको. मी तर लिंबाखाली चूल कुठे मांडायची तेही ठरवून टाकलं होतं.

आज पाण्याची पूजा होती. पूजेला मालकानं स्वतः बादलीतून खाली उतरायचं, झऱ्याला हळदीकुंकू वाहायचं आणि पहिला तांब्या भरून वर आणायचा. दादांच्या मंडळी, वनमालाताई, सकाळपासून ताट घेऊन येऊन बसल्या होत्या, उपाशी. दादांचा पत्ता नाही. बीडहून पाहुणे आले होते आणि शेतातल्याच, हाकेच्या अंतरावरच्या बंगल्यावर त्यांची बैठक रंगली होती. मामंजी तिकडेच बोकडाच्या पातेल्यापाशी.

ऊन कलायला लागलं तेव्हा दादा आले, मागे चार-पाच पाहुणे. पांढरे कपडे, कपाळाला गुलाल, चेहरा फुललेला. जीप चांगली लांब थांबवून ते चालत आले आणि चालताना एकदा ढेकळावर अडखळले. ते अडखळणं मी पाहिलं. आत्याबाईंनीही पाहिलं.

“सोड गं छबुबाई खाली! पान्याला पैला हात माजा लागू दे!” म्हणत त्यांनी बादलीत एक पाय टाकलासुद्धा.

माझं काम काठावर उभं राहायचं. दांड्यावरच्या माणसाला विहिरीचा तळ दिसत नाही, म्हणून मी खाली बघून हातानं इशारा करते. मी खाली पाहिलं. प्रविण गुडघाभर पाण्यात उभा राहून वर बघत होता, दादांना धरून उतरवायला. तळ अरुंद, बाजूला व्हायला जागा नाही. बादलीतून माणूस कलंडला तर एकटा मरत नाही, खालच्याला घेऊन मरतो. इशाऱ्याचा हात काही वर होईना.

आत्याबाईंनी इंजिनच बंद केलं. त्या खाली उतरल्या आणि दादांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“दादा, तोंड उघडा.”

“काय?”

“वास द्या. हितं खाली जानारे समदेच देत्यात.”

पाहुण्यांतला एक जण फिस्सकन हसला. तो हसला नसता तर कदाचित गोष्ट थट्टेवारी गेली असती. दादांचा चेहरा उतरला आणि मग एकदम तापला.

“मी काय तुजा गडी हाय व्हय गं?”

“न्हाई, मालक हाव. म्हनून तर तुमाला वाकायला सांगितलं न्हाई, मीच टाचा वर करते.” आणि खरंच, बाई चवड्यांवर उभी राहिली! मला त्याही परिस्थितीत हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला मी.

“थोडीशी घेतली असंल. पानी लागलंय, आनंद करायचा न्हाई का मानसानं?”

“करा की, लई करा. इहिरीपासून लांब करा.”

“इहीर कोनाची हाय?”

“तुमची.”

“पानी?”

“तुमचंच.”

“मंग?”

“खाली लेकरू माजं हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “अन् तार बी माजी हाय.”

आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. दादांनी बादलीतला पाय बाहेर काढला.

“मंग भावांच्या इहिरी इसरून जायच्या! ह्या इहिरीचं ऱ्हायलेलं काम बी दुसऱ्याला देतो. उद्या सकाळी दुसरी यारी हुबी करतो हितं. यारीला काय दुष्काळ पडलाय व्हय? अन् ती तुमच्यावानी हुंगत बसनार न्हाई!”

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, आत्याबाईंनी जरा मवाळ घ्यावं. पण मवाळ म्हणजे काय घ्यायचं? खाली प्रविण होता. मी जिभेवर आलेला शब्द गिळला.

तेवढ्यात दादांना मामंजी दिसले. गलका ऐकून ते चुलीपुढून उठून आले होते, हातात तशीच पळी.

“बद्रीनाथ! ये बे, ये! तू तर जुना गडी. बाईच्या हाताखाली पळी हालवून मर्दपना इसरला का बे? बस दांड्यावर, सोड मला खाली!”

सगळे मामंजींकडे बघायला लागले. मामंजींनी पळी लिंबाखालच्या हनुमानच्या हातात दिली, हात धोतराला पुसले आणि यारीकडे निघाले. आत्याबाई आडव्या आल्या नाहीत. एक पाऊल बाजूला सरकल्या आणि वाट दिली. मला वाटलं, गेलं! इतक्या वर्षांची इच्छा या माणसाची. आज मालक बोलावतोय, गाव बघतंय, आता हा चढून बसणार. मामंजी यारीपाशी पोचले. दांड्याच्या मुठीवरून त्यांनी एकदा हात फिरवला, सावकाश, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

मग ते वळले, आत्याबाईंच्या समोर आले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि स्वतःहून तोंड उघडलं.

आजवर त्यांना कुणी कधी वास मागितला नव्हता. ते यारीजवळ येतच नसत, मग मागणार कोण! आत्याबाई गांगरल्या. मी त्यांना गांगरलेलं पाहिलं ते त्या एकाच वेळी. मग त्यांनी डोळे मिटले, वास घेतला आणि हलकेच म्हणाल्या, “न्हाई जमायचं.”

मामंजी सरळ झाले आणि दादांना म्हणाले, “मालक, तुमच्या पाव्हन्यांनी पाजली मला मघाशी. मी बी नापास. चला, आपुन दोगं लिंबाखाली बसू. हनुमान बी हायच तितं.”

हशा पिकला. आमची माणसं हसली, पाहुणेही हसले. हनुमान तर पळी आपटून आपटून हसत होता. दादा मात्र हसले नाहीत. ते ताडताड जीपकडे निघाले. “वनमाला, चल!” म्हणून लांबूनच ओरडले.

वनमालाताई जागच्या हलल्या नाहीत. ताट सावरत उठल्या आणि आत्याबाईंना म्हणाल्या, “मला सोडता का खाली? मी सकाळपासून पान्याचा थेंब बी घेतला न्हाई.”

“तोंड उघडा, ताई.”

तिचंही तोंड हुंगलं हो! एवढ्या मोठ्या घरची बाई, उपाशीपोटी, हातात पूजेचं ताट. तिनं काही मानलं नाही, हसून तोंड उघडलं. आत्याबाईंनी इंजिन सुरू केलं. मी काठावरून इशाऱ्याचा हात धरला आणि बादली खाली गेली, इतकी अलगद की ताटातला दिवा विझला नाही. प्रविणनं तिला हात देऊन उतरवली. खालून आरतीचे शब्द वर आले, नारळ फुटल्याचा आवाज आला. ताई वर आल्या तेव्हा जीप निघून गेली होती. ताईंनी पहिलं पाणी आत्याबाईंच्या ओंजळीत घातलं, मग सगळ्यांना दिलं. जाताना म्हणाल्या, “दिरांच्या इहिरींचं माज्या हातात न्हाई, छबुबाई. खोटी आस लावत न्हाई मी.”

“तुमी कशाला वाईट वाटून घेता?” आत्याबाई म्हणाल्या. “लई गोड पानी लागलंय.”

संध्याकाळी आम्ही यारी सोडवायला घेतली. बोकडाचं पातेलं तसंच भरलेलं. पाहुणे न जेवता गेलेले, तेव्हा आमच्याच माणसांनी ताव मारला. प्रविण तार गुंडाळताना कुरकुरला, “आईनं जरा समजुतीनं घ्यायला पायजे हुतं. आता भर उन्हाळ्यात कुटं काम हुडकायचं?”

“हुडकू की,” मी म्हणाले. “हुडकायला तुमी जित्ते हाव ना? का तेबी नको हुतं?”

मी एवढं फाडकन बोलेन असं त्याला वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी माझी मान अशी ताठ होती, जणू दांड्यावर मीच बसले होते.

मामंजींनी नेहमीसारखी अंघोळ केली आणि नेहमीसारखीच आपली बाटली काढली. एका दिवसात माणूस बदलतो असं ज्याला वाटतं त्यानं आमच्या मामंजींना भेटावं. पिऊन झाल्यावर ते ताटावर बसले. आत्याबाईंनी त्यांना वाढलं. मग स्वतःचं ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्या दोघांना एका पंगतीत जेवताना पाहिलं नव्हतं.

मामंजी संकोचून दूर झाले. “लांब बस की. वास येतोय माजा.”

“यिऊ द्या,” आत्याबाई म्हणाल्या. “मशीन बंद हाय आता.” आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून त्यांनी मामंजींच्या ताटात ठेवली.