लाल पट्टीचं विमान

संघप्रियानं अंगठ्यानं रिमोटची कांडी पार कडेला दाबली आणि वरचं विमान कुणीतरी चिमटा काढल्यासारखं दचकून वळलं. त्याच्या शेपटीला बांधलेली कागदाची लांब फीत फडफडत मागून वळली. ती फीत वाचवायची आणि रेणुकाच्या विमानाची फीत आपल्या विमानाच्या फिरत्या पंख्यानं कापायची, एवढाच खेळ. पण एवढाच म्हणायला सोपा.

"पळ संघे, पळ!" मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून रेणुका ओरडली. "बगते किती पळतीस ते!"

"पळायलंय कोण? तुझी शेपटी सांभाळ आधी!"

"माझी शेपटी तुझ्या हाताला लागायची न्हाई!"

मानवत गावाबाहेर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचं आवार म्हणजे त्यांचं मैदान. तिन्ही बाजूंनी पत्र्याचे शेड, चौथ्या बाजूला पडकी भिंत आणि भिंतीपलीकडं वेचणी झालेल्या कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या. विज्ञानाचे गिराम सर फाटकापाशी छत्री उघडून पंच म्हणून उभे होते. वजनकाट्याच्या कट्ट्यावर राखणदाराची बायको बायनाबाई हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती आणि दोघींनाही सारख्याच शिव्या देत होती.

"आगं, सयपाकाला लागा की जरा! पोरीची जात अन् इमानं उडवायल्यात!"

"मावशी, तुमाला बी शिकवते की!" संघप्रिया वर बघतच म्हणाली.

ती हसत होती, पण विमानावरची नजर काढत नव्हती. विभागीय स्पर्धेला शाळेतून एकीलाच जाता येणार होतं. नववीच्या वर्गात आजवर संघप्रिया कांबळे म्हणजे मागच्या बाकावरची, फळ्यासमोर उभी केली की हात थरथरणारी. ते हात या वर्षी पहिल्यांदा थांबले, ते रिमोटवर. आता तिला ते सगळ्यांना दाखवायचे होते. रेणुकाचं वेगळं होतं. तिच्या आबांनी सांगितलं होतं, जिंकून ये, मग परभणीला सायन्सचं बघू. न्हाईतर इथलं कॉलेज काय वाईट हाय? दोघींनी एकाच पुठ्ठ्यावर माप काढून, एकाच ग्लूगननं फोम चिकटवून विमानं केली होती. फरक एवढाच की संघप्रियाच्या विमानाच्या पंखांवर निळी टेप होती आणि रेणुकाच्या विमानावर लाल.

उन्हाकडं तोंड केलं की निळं काय अन् लाल काय, सगळं काळंच दिसतं.

दोन्ही विमानं सूर्याच्या अंगानं वर चढली. दोन काळे ठिपके एकमेकांत गेले, टक्क असा आवाज झाला आणि त्यातला एक गिरक्या घेत भिंतीपलीकडं पऱ्हाट्यांत कोसळला.

"गेलं माझं!" रेणुका कळवळली.

संघप्रियानं डोळे किलकिले केले. वर एक विमान होतं. तिनं कांडी डावीकडं नेली. ते डावीकडं वळलं. उजवीकडं नेली, उजवीकडं वळलं. तिला इतका आनंद झाला की ती जागेवरच उड्या मारायला लागली. आजच्यासारखं विमान तिच्या हातात कधीच नव्हतं. एरवी कांडी हलवली की ते क्षणभरानं ऐकायचं. आज तिच्या नुसतं मनात आलं की लगेच ते वळत होतं. तिनं त्याला शेडच्या पत्र्यावरून नेलं, चिंचेला वळसा घातला, आणि मग स्वतःच्या पायाशी असं अलगद उतरवलं, की धूळसुद्धा उडाली नाही.

"संघप्रिया!" सरांनी छत्री उंचावली. "संघप्रिया जाणार!"

ती धावत गेली, वाकली आणि तिचा हात मधेच थांबला.

पंखावर लाल टेप होती.

त्यांच्यात एक नियम होता. खाली आलेलं विमान जिचं तिनंच उचलायचं, दुसरीनं हात लावायचा नाही. संघप्रिया तशीच वाकलेली राहिली. तेवढ्यात भिंतीच्या भगदाडातून रेणुका आली. तिच्या केसांत कापसाची बोंडं अडकली होती आणि हात रिकामे होते.

"निळी पट्टी हाय त्याला," ती म्हणाली. "तुझं हाय. म्हणून न्हाई उचललं मी."



"मंग हे तू उडवायलीस व्हय?" संघप्रियानं विचारलं. "मला येडं बनवायला?"

"मी कशाला उडवू? मला वाटलं माझं पडलं. मी रिमोट बंद करून कट्ट्यावर ठेवला अन् पळाले."

हे खरंच असणार होतं. विमान पडलं की आधी रिमोट बंद करायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. रिमोट बंद झाला की मोटर आपोआप थांबते आणि उचलताना पंख्यानं बोटं कापत नाहीत. संघप्रियानं कट्ट्याकडं बघितलं. रेणुकाचा रिमोट घाट्यांच्या टोपल्याशेजारी पडलेला होता. त्याचा दिवा विझलेला होता.

"मावशी, तुमी हात लावला का याला?"

"मी कामून लावू?" बायनाबाई म्हणाली. "ठिवला तवापासून तिथंच हाय. मला तर त्याच्याकडं बगायचं बी भ्याव वाटतंय. करंट बिरंट लागला म्हंजी?"

आणि तेव्हा संघप्रियाच्या ध्यानात आलं, की मघाशी आवाज नव्हता. ते चिंचेवरून वळलं, पत्र्यावरून वर चढलं, तेव्हा मोटरची ती माशीसारखी घूं घूं नव्हतीच. आवारात नुसती बायनाबाईची घाटे फोडायची टिक टिक ऐकू येत होती.

सरांनी दोन्ही विमानं तपासली. पडलेल्याची निघालेली बॅटरी परत लावली आणि संघप्रियाच्या रिमोटनं त्याच्या पंखांमागच्या, वळवायच्या झडपा हलवून बघितल्या. हलल्या. रेणुकाच्या रिमोटनं लाल टेपवालं बघितलं. तेही हललं. मग त्यांनी संघप्रियाच्या रिमोटनं लाल टेपवालं हलवायचा प्रयत्न केला. ते ढिम्म राहिलं.

"पत्रा तापला की गरम हवा वर जाते," सर म्हणाले. "त्या हवेवर ते तरंगलं. घारी न्हाईत का तरंगत?"

"पण सर, ते वळलं कसं?"

"वळलं ते आपलं आपण. तुला वाटलं तू वळवलंस. बघणाऱ्याला असा भास होतो बाळा." सरांनी छत्री मिटली, मग परत उघडली. "हा सामना रद्द. पुढच्या रविवारी परत."

आठवडाभर दोघी संघप्रियाच्या घरी बसून मोडलेला पंख जोडत होत्या. ग्लूगनचा वास, कात्रीनं कापलेल्या फोमचा बारीक पांढरा चुरा आणि आतून संघप्रियाच्या आईचं, "पोरींनो, खाऊन घ्या गं." सगळं नेहमीसारखं. फक्त त्या रविवारबद्दल कुणी बोलत नव्हतं. रेणुका मधेच तोंड उघडायची आणि म्हणायची, "टेप दे."

संघप्रिया मात्र आतून फुलून गेली होती. सरांचा गरम हवेचा मुद्दा तिनं मनातल्या मनात केव्हाच खोडून टाकला होता. हवा डावी-उजवी करत नाही. त्या विमानानं तिचं ऐकलं होतं. रिमोटचं नाही, तिचं. आपल्या बोटांत काहीतरी हाय, असं तिला वाटायचं आणि ती वर्गात स्वतःच्या अंगठ्यांकडं बघत बसायची.

गुरुवारी भूगोलाच्या तासाला तिचे अंगठे बाकावर आपसूक हलायला लागले. डावीकडं, उजवीकडं, हळूच खाली. तिला हसू आलं. तिनं सहज पलीकडच्या रांगेत बघितलं. रेणुका नकाशाकडं टक लावून बसली होती. तिचेही अंगठे बाकावर हलत होते. डावीकडं, उजवीकडं, हळूच खाली.

संघप्रियानं हात मांडीखाली घातले.

रेणुकाचे अंगठे थांबले.

रविवारी वारा अजिबात नव्हता. चिंचेचं पानसुद्धा हलत नव्हतं आणि शेडवर रोज बसणारी कबुतरं कुठं गेली होती कुणास ठाऊक. बायनाबाई आज कट्ट्यावर बसली नाही. खोलीच्या दारातूनच बघत होती.

"आज शिव्या न्हाईत का मावशी?" संघप्रियानं विचारलं.

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली आणि पदर डोक्यावर घेतला.

दोघींनी रिमोटचे पट्टे गळ्यात अडकवले. सरांनी दोन्ही विमानांना नवी फीत बांधली, त्यांच्याकडं असलेल्या एकाच पांढऱ्या गुंडाळीतली.

"संघे," रेणुका आपल्या टोकाला जाता जाता थांबून म्हणाली.

"काय?"

"कोण बी जिंकलं तरी आपण बोलायचं हं. कट्टी न्हाई."

"तूच जिंकणार असल्यावानी बोलायलीस की!"

रेणुका हसली नाही. ती वळून चालायला लागली.

विमानं उडाली तेव्हा मोटरींचा आवाज पत्र्यांवर आपटून चौपट झाला. रेणुका आज वेगळीच उडवत होती. ओरडत नव्हती, चिडवत नव्हती. तिचं विमान संघप्रियाच्या विमानामागं असं लागलं, की सुटता सुटेना. संघप्रियानं वर नेलं, ते वर. खाली मारलं, ते खाली. चिंचेला वळसा घातला, तरी मागं तेच. दोन काळ्या ठिपक्यांमध्ये फितीएवढंच अंतर उरलं होतं आणि तेही कमी व्हायला लागलं. संघप्रियाच्या हातांना घाम सुटला. मग ते थरथरले. मागच्या बाकावरचे, फळ्यासमोरचे तेच हात.

आता जाणार. आता कापणार.

तिनं सरांकडं बघितलं. सर वर बघत होते. तिनं श्वास घेतला, दोन्ही अंगठे कांड्यांवरून उचलले आणि हात खाली सोडून दिले.

ऐक, ती मनात म्हणाली.

विमान गडबडलं नाही. माशानं पाण्यात अंग चोरावं तसं ते एका कुशीवर झालं, मागच्याला पुढं जाऊ दिलं आणि सरळ त्याच्या शेपटीमागं जाऊन लागलं. इतकं सुंदर वळण तिला शंभर जन्मांत जमलं नसतं. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यासकट तिला हसू फुटलं. कुणी बघितलं तर नाही? तिनं चोरून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडं नजर टाकली.

रेणुका वर बघत नव्हती. तिचा रिमोट गळ्यातल्या पट्ट्याला नुसता लोंबकळत होता. दोन्ही हात अंगाशी सरळ सोडलेले होते, प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे. आणि ती संघप्रियाच्या रिकाम्या हातांकडं बघत होती. कधीपासून, कोण जाणे.

मोटरींचा आवाज थांबलेला होता. डोक्यावर फितींची तेवढी सळसळ ऐकू येत होती, एकदा जवळून, एकदा लांबून, मग परत जवळून.

संघप्रियाला अंगठे परत कांड्यांवर ठेवायचे होते. रेणुकालाही ठेवायचे असावेत. तिची बोटं किंचित उचलली गेली आणि तशीच राहिली. आधी कुणी ठेवायचे?

"कापली!" फाटकापासून सर ओरडले. "कापली गं! कुणाची कापली?"

पांढऱ्या कागदाचा एक लांब तुकडा वेटोळं घेत खाली आला आणि दोघींच्या मधल्या मातीत पडला. सरांनी परत विचारलं. दोघींपैकी कुणीच वर बघितलं नाही.