सोनं धरून बसलेली वाळू

मित्रांनो, मी वाळूचा एक जुना कण आहे. वय डोंगराएवढं, पण सांगण्यासारखं घडलं ते सोनं नाहीसं झाल्याचं कळलं त्या सोमवारपासून.

पूर्वी मी नदीत होतो. तिथून आणून मला चाळलं, आम्लात धुतलं आणि हजारो भावंडांबरोबर प्रयोगशाळेतल्या काचेच्या उभ्या नळीत भरलं. पाण्याच्या गाळणीतली वाळू अतिसूक्ष्म कण अडवते का, हे तिथं संशोधन करणाऱ्या बाईंना शोधायचं होतं. त्या पाण्यात सोन्याचे कण सोडत. कण डोळ्यांना दिसत नसत, पाणी तेवढं लाल दिसे. सोन्यावर आणि माझ्या अंगावर एकाच जातीचा वीजभार, म्हणून आम्ही एकमेकांना दूर ढकलायचो. वरून ओतलेलं लाल पाणी खाली लालच उतरायचं.

त्या सोमवारी खाली नितळ पाणी आलं.

"अहो, सोनं कुठं गेलं?" बाईंनी विचारलं. त्यांचे यजमान तिथेच काचसामान धुवायचं काम करीत.

"मला काय विचारतेस? मी काय प्यायलो?"

"नळी कशानं धुतलीत?"

"शुद्ध पाणी संपत आलं होतं. म्हटलं, तुला राहू द्यावं. धरली नळाखाली."

"नळाखाली! धन्य आहे तुमची!"

मग बाई वही ओढून बसल्या. नळाच्या पाण्यात चुन्याचा अंश होता. तो माझ्या अंगावर बसला होता. त्याचा भार उलट, म्हणून त्यानं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं सोन्याला. सोनं हरवलं नव्हतं, आमच्या अंगावर होतं.

"चूक तुमची, शोध माझा," बाई म्हणाल्या.

"घरात तरी वेगळं काय चालतं?"

गुलाबी झालेली वाळू बघायला लोक येऊ लागले. बाईंना मात्र पुढची काळजी होती. पावसाचं मऊ, चुना नसलेलं पाणी आलं तर वाळू धरलेलं सोडून देईल का? तसं झालं तर गाळणी कसली? त्यांनी शुद्ध पाण्यानं तीन धुणी ठरवली: एका दिवसानं, एका महिन्यानं, एका वर्षानं. पहिल्या धुण्यात थोडं सोनं सुटलं. दुसऱ्यात त्याहून कमी.

वर्ष भरायच्या आत बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

आता बघायला कुणी येत नाही. यजमान नळीवरची धूळ पुसतात, वाळू कोरडी पडू नये म्हणून बुचं तपासतात. परवा प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्यांना विचारलं, "ही रिकामी करायची का?"

"नको. तिचं एक धुणं बाकी आहे."

मित्रांनो, कुठलीही वस्तू धुतलीत तर कशानं धुतली ते लिहून ठेवा. अंगावर काय राहिलं हे आम्हाला बोलून सांगता येत नाही.

वर्षाला चार महिने वर झाले. तिसरं धुणं अजून झालेलं नाही.