दोन डोक्यांचा एक नवस

मी आकुर्डीतल्या एका दोन खोल्यांच्या घरातली लाकडी फणी बोलतेय. माझी गोष्ट विजयश्रीच्या नवसापासूनच सांगावी लागेल. त्याआधी मी नुसती एक फणी होते. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे गवराबाईंनी, चाकणच्या बाजारातून नव्या सुनेसाठी आणलेली.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरला ऋतिक तेव्हा चार वर्षांचा. डेंग्यू झाला म्हणून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात होता. पेशी रोज उतरत होत्या. विजयश्रीला सातवा महिना लागलेला. पोराच्या उशाशी बसून ती माझ्यानं त्याचे केस विंचरत होती, कारण करण्यासारखं दुसरं काही तिच्या हातात नव्हतं. विंचरता विंचरता पुटपुटली, "भैरोबा, एवढा माझा ऋतिक घरी येऊ दे. पोटातल्या बाळाच्या केसांना पाच वर्षं कात्री लावणार नाही. मग तुझ्या दारी, मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढीन."

ऋतिकचं जावळ पहिल्याच वर्षी निघालं होतं, म्हणून बाळाचं बोलली. पाचव्या दिवशी ऋतिक घरी आला. अडीच महिन्यांनी ज्ञानेश झाला.

तेव्हापासून मी गोंधळलेली आहे. आजारी पडला एक आणि केस वाढले दुसऱ्याचे. मग नवस कुणाचा?

सकाळी पप्पांची कंपनीची बस गेली की माझं काम सुरू व्हायचं. ऋतिकचं डोकं एका मिनिटात उरकायचं. ज्ञानेशला मात्र पाटावर बसवावं लागायचं. तेल, गुंता, रडणं, मग वेणी.

"आई, दुखतंय!"

"झालं हं राजा, शेवटचा गुंता."

असे शेवटचे गुंते सात-आठ तरी निघायचे. आई खोटं का बोलते, तेही मला कधी कळलं नाही. वेणी झाली की ती त्याची पापी घ्यायची आणि माझ्या दातांत अडकलेले केस काढून एका डबीत ठेवायची. देवाचे केस, टाकायचे कसे?

खाली उतरलं की भाजीवाल्या शालनबाई हाक मारायच्या, "काय गं छकुली, कुठं निघाली?" ज्ञानेश हाताची घडी घालून म्हणायचा, "मी मुलगा आहे!" बिचाऱ्या शालनबाई रोज विसरायच्या, की मुद्दाम करायच्या, देव जाणे.

बालवाडीत पहिल्या वर्षी पोरांना वेणीची गंमत वाटली. पुढं गंमत राहिली नाही. यंदा भैरोबाच्या माघातल्या यात्रेला, म्हणजे जावळ काढायला, बारा दिवस राहिले असताना ज्ञानेश अर्धी वेणी सुटलेली आणि डोळे सुजलेले असा घरी आला. मोठ्या वर्गातल्या पोरांनी वेणी ओढून त्याला बाकाभोवती फिरवलं होतं. त्याच शाळेतला ऋतिक मधे पडला, तर त्यालाच विचारलं, "वेणी का घालतो तुझा भाऊ?"

"नवस आहे."

"कुणाचा?"

घरी येऊन ऋतिकनं आईला तेच विचारलं.

"तुझाच रे," विजयश्री म्हणाली. "तू बरा व्हावास म्हणून."

"मग केस त्याचे का?"

तिनं कणीक झाकून ठेवली. नंतर म्हणाली, "बारा दिवस राहिलेत. तेवढं काढू." हे काही उत्तर नव्हतं. मला वाटलं, निदान हिला तरी कळलं असेल. तिलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गिरणीत दळण आणायला गेली. गवराबाई आत लवंडल्या होत्या. ऋतिकनं दप्तरातली कागद कापायची कात्री काढली, ज्ञानेशला पाटावर बसवलं आणि वेणी मुळापासून कापली. एक केसही खाली पडू दिला नाही. सगळं धुतलेल्या रुमालात बांधून देवापुढं ठेवलं. मग मला उचललं आणि भावाच्या वेड्यावाकड्या कापलेल्या डोक्यावर भांग पाडायचा प्रयत्न केला. भांग काही पडेना.

विजयश्री परतली आणि दळणाचा डबा दारातच टाकून ज्ञानेशकडं धावली. गवराबाई उठून आल्या. "अगं बया! बारा दीस न्हाई निघालं व्हय रे तुला? मामाच्या मांडीबिगर कात्री लावली! द्येव कोपंल की!"

ऋतिकचा चेहरा पडला, पण तो बोलला. "आजारी मी होतो ना, आजी? मग देव ओरडला तर मला ओरडेल. ज्ञानूला कशाला?"

नेमकं हेच विजयश्रीच्या काळजात रुतलं. देव खरंच त्याच्यावर रागावला तर? त्या दिवसापासून ती तासातासाला ऋतिकच्या कपाळाला हात लावू लागली. तिसऱ्या दिवशी तो दोनदा शिंकला, तर तिनं देवापुढं दिवा लावला आणि त्याला घेऊन दवाखानाही गाठला. साधी सर्दी होती. गावच्या गुरवांना फोन केला, नवस मोडला की फिटला? ते म्हणाले, "वहिनी, असं कधी झालंच नाही. विचार करून सांगतो." अजून त्यांचा फोन यायचाय.

मग तिनं स्वतःच ठरवलं. यात्रेत रुमाल देवाच्या पायाशी ठेवला. न्हावी आला. मामा मांडी घालून बसणार, तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, जरा थांब. ऋतिक, तू बस. मांडीवर घे त्याला."

गवराबाईंनी पदर डोक्यावर ओढून देवाला हात जोडले. ऋतिकच्या मांडीवर ज्ञानेशचं उरलंसुरलं जावळ निघालं. ऋतिकनं त्याला उतरवलं आणि न्हाव्यापुढं आपलंही डोकं धरलं. "माझंपण करा." सगळे केस, डबीतलेही, भामा नदीत सोडताना विजयश्री रडत होती. भीतीनं की कशानं, मी पिशवीत होते, मला नीट दिसलं नाही.

आता घरात दोन चकोट डोकी आहेत आणि मला काम नाही. खिडकीत तेलाच्या बाटलीशेजारी पडून असते. माझ्या दातांत ज्ञानेशचा एक लांब केस अजून अडकलाय. विजयश्रीला तो दिसतो, पण ती काढत नाही. ऋतिक ठणठणीत आहे.

परवा तिनं दोघांना जवळ बसवलं. "पप्पांना कंपनीत कायम करावं म्हणून एक नवस बोलायचाय. बोलू का?"

ज्ञानेशनं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बोल. पण केस सोडून."

ती इतकी हसली की मी खिडकीत हलले.

नवस मोडला की फिटला, मला आजही सांगता येत नाही. पण हे ऐकणाऱ्या तुम्ही आया असाल, तर नवस बोलणारच. बोला. फक्त विजयश्रीनं परवा विचारलं, तसं विचारून. तो ज्याच्या डोक्यावर वाढणार आहे, त्याला आधी पाटावर बसवा, आणि त्याचे केस विंचरता विंचरता एकदा विचारा.