आतून घासलेला लायनर

खर्र... खर्र... खर्र...

दुपारी घर निजलेलं होतं. धाकटा अंगावर पिता पिता झोपला होता आणि मी हात हलवायचीही भीती बाळगून पडले होते. मागच्या अंगणातून तो आवाज आला. काथ्याचा. सासूबाई भांडी घासत असतील म्हटलं. उद्या खंडेनवमी, आमच्याकडे त्या दिवशी विळा, कोयता, पहार, सगळं लख्ख होऊन देवापुढं जातं. सासूबाईंच्या, म्हणजे ठकूबाईंच्या, हातची भांडी म्हणजे गावात नाव. त्यांच्या तांब्यात बघून लोक भांग पाडतात असं म्हणत. बाळ उठलं नाही यातच मी सुखी होते.

तांब्या नव्हता तो. इंजिनाचा लायनर होता.

आमची भाताची गिरणी पळसदरीच्या अलीकडे, डिझेलच्या इंजिनावर चालायची. विजेचे खांब गावात आले होते, तारा यायच्या होत्या. इंजिन सासऱ्यांनी आणलं होतं, कर्जत स्टेशनातून बैलगाडीवर. सासरे गेले, इंजिन राहिलं. त्या वर्षी ते तेल फार पिऊ लागलं आणि धूर सोडू लागलं, म्हणून आमच्या थोरल्या गोदीच्या वडिलांनी कर्जतच्या मुनाफ मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आतला लायनर काढला. लायनर म्हणजे जाड लोखंडी नळी, पिस्टन तिच्यातून मागंपुढं पळतो. मुनाफनं ती आतून दगडी कांड्यांनी घासून पडवीत पोत्यावर ठेवली आणि पिस्टनच्या नव्या रिंगा आणायला मुंबईला गेला.

सासूबाईंनी ती नळी पाहिली. बुडाशिवायची चरवी, आणि आतून सगळी ओरखडलेली. त्यांना मिस्त्रीची लाज वाटली. परक्या माणसाला काय बोलायचं म्हणून काही बोलल्या नाहीत. विटकरीची भुकटी, काथ्या, आणि मुनाफचाच टाकून दिलेला पॉलिशपेपर घेऊन बसल्या. तिन्हीसांजेपर्यंत ओरखडा औषधाला उरला नाही.

रिंगा मुनाफनं एका ओळखीच्याबरोबर पाठवल्या. तो स्वतः माथेरानला एका हॉटेलच्या पंपावर अडकला होता. इंजिन जोडलं ते गोदीच्या वडिलांनी. लायनर हातात घेऊन उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "काम बघा मुनाफचं. आरसा केलाय आरसा."

सासूबाई चुलीपाशी होत्या. गालात हसल्या.

दसऱ्याला हळवं, लवकर पिकणारं भात घेऊन बाया आल्या. पहिलं पोतं चंद्रभागेचं. इंजिन सुरू झालं, धूर आला, मग जास्त धूर आला, मग आत कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज झाला आणि चाक उभं राहिलं. ढकललं तरी हलेना. चंद्रभागा थोडा वेळ थांबली. "बरं हाय तुमचं," म्हणाली, "सणाचं त्यालाबी सुटी." आणि पोतं डोक्यावर घेऊन कर्जतच्या वाटेला लागली. मागोमाग बाकीच्या.

गोदीच्या वडिलांनी मुनाफला निरोप धाडला तो मला इथं लिहिता येणार नाही.

मुनाफ आला. पिस्टन ठोकून बाहेर काढला, लायनरमध्ये बोट घातलं आणि बोट तसंच ठेवून गोदीच्या वडिलांना म्हणाला, "श्रीपतभाऊ, ह्ये काम माझं नाय."

"मग कुणाचं?"

"माझं हाय," सासूबाई दारातून म्हणाल्या. चेहऱ्यावर खुशी. "तू तसाच टाकून गेलास रं. म्हटलं, सणाला घाण नको."

मुनाफनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"मावशी, त्या चिरा मी मुद्दाम पाडल्यावत्या."

"मुद्दाम? जात्याला टाकी लावतात तशा?"

"नाय. जात्याला टाकी लावायची ती दाणा चावाया. ह्यानं चावायचं नाय, ह्यानं तेल धरायचं. साफ गुळगुळीत केलं की तेल थांबतच नाय, वाहून जातं. मग लोखंड लोखंडाला घासतं. खाचराला बांध घालता ना तुमी, पाणी ठरावं म्हणून?"

सासूबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "म्हंजे मी बांध फोडले."

"तसंच काय ते."

मुनाफ हसला. त्याही हसणार होत्या. तेवढ्यात गोदीचे वडील म्हणाले, "आई, आजपासून इंजिनाला तुझा हात लागता कामा नये. कळलं? घरातली भांडी घास."

हे मुनाफसमोर. माझ्यासमोर. गोदी माझ्या पदराला धरून उभी होती, तिच्यासमोर.

सासूबाईंनी हात लुगड्याला पुसले, कोरडेच होते, आणि आत गेल्या.

मुनाफनं दुसऱ्या दिवशी पुन्हा चिरा पाडल्या. हातड्रिलला दगडी कांड्या लावून नळीत फिरवायच्या आणि फिरवता फिरवता मागंपुढं ओढायच्या. चिरा तिरक्या पडतात, एकीवर एक, चटईच्या विणीसारख्या. मला नख फिरवून बघायला सांगितलं त्यानं. नखाला लागते न लागते इतपतच. फार खोल गेलं तर रिंगा खाऊन टाकतं म्हणाला. इतपतच हवं.

सुरू करायच्या वेळी तो थांबला. "मावशी कुठाय? दर साली झेंडूची माळ त्याच घालतात." मग कुणी उठेना म्हणून स्वतःच घरापर्यंत आला. "चला मावशी. आतलं माझं, बाहेरचं तुमचं."

"बाहेरचंबी नको रं," सासूबाई म्हणाल्या. माळ मात्र ओवून तयार होती.

त्या गिरणीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. माळ गोदीच्या हातात दिली. गोदीनं ती डिझेलच्या टाकीला घातली, जरा वाकडी. मुलाकडं सासूबाईंनी पाहिलं. ते हँडलवर वाकलेले होते. आई बघतेय हे त्यांना दिसत होतं, मी सांगते. त्यांनी हँडल मारलं. इंजिन लागलं. धूर नाही, खडखड नाही. मुनाफनं तळहात वर करून सगळ्यांना शांत राहायची खूण केली, खरं तर कुणीच बोलत नव्हतं.

सासूबाई तेवढं ऐकून परत फिरल्या.

चंद्रभागा आठवड्यानं पोतं घेऊन आली. सासूबाई ते बघायलाही आल्या नाहीत. अंगणात बसून त्याच तांब्याला राख लावत होत्या, हळू हळू, बाळ उठू नये अशा बेतानं.

मी गोदीची वेणी घालत होते. ती बराच वेळ गिरणीचा आवाज ऐकत होती.

"आई, मुनाफचाचानं चिरा परत पाडल्या ना?"

"हो."

"मग बाबा आजीला बोलले, ते परत कसं घ्यायचं?"