घासून टाकलेलं नाव

या, असे जवळ सरका. चहा ओततो तोवर एक कथा ऐकवतो. कथेत मूर्ख एकच आहे. शोधत बसू नका, तो मीच.

शेन्झेनच्या हुआचियांगबेई बाजारात तिसऱ्या मजल्यावर माझा गाळा आहे. गेल्या वर्षी मी एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे दिवे-मोटारी चालवणारा चिमुकला संगणक, काढला: दोन बोटांएवढा, नऊ युआनला एक. नावाजलेले बोर्ड तिप्पट महाग. शेजारच्या गाळ्यातल्या त्साईदादाला म्हणालो, "सहा महिन्यांत त्यांना कुणी विचारणार नाही."

"आधी तुला कुणी विचारू दे," तो म्हणाला.

पण माझी भीती वेगळीच. या बाजारात सकाळी नवं मांडलं की संध्याकाळी शेजारी त्याची नक्कल मांडतो. म्हणून मी इथला जुना उपाय केला: आत कोणती चिप आहे ते नक्कल करणाऱ्याला कळू नये म्हणून तिच्यावर छापलेलं नाव घासून टाकलं. दोन हजार बोर्ड, एकावरही नाव नाही. घासताना तोंडाने अमिताभ बुद्धाचं नामस्मरण चालू होतं, हे विशेष.

गुआनबाई मुलांना वीजकाम शिकवणाऱ्या शाळेत आहेत. त्यांनी साठ बोर्ड वर्गात वापरून बघायला नेले. पसंत पडले तर शाळा दर वर्षी घेणार. नाहीतर गाळा सोडून मी गावी, भावाच्या दुकानात चहा तोलायला. चौथ्या दिवशी बाई पिशवी घेऊन परत.

"मालक, बोर्डात प्रोग्राम भरायला गेलं की संगणक विचारतो, चिप कोणती? मुलं भिंग लावून बसलीत. काय सांगू?"

"ते गुपित आहे, बाई."

"त्या महागड्या बोर्डाचं अडलं तर शंभर जणांनी उत्तर लिहून ठेवलेलं सापडतं. तुमचं अडलं तर शोधायचं काय? नावच नाही."

"मला विचारायचं की."

"काल अकरा वेळा फोन केला."

काल मी देवळात होतो. गाऊन प्रवचन सांगणारे बुवा रंगात आले होते: ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्याला हाक कोण मारणार? मी डोळे पुसत मान डोलावत होतो, आणि खिशात फोन थरथरत होता.

बाईंसमोर हे आठवलं आणि कान तापले. पुठ्ठा घेतला, चिपचं नाव ठळक लिहिलं, बोर्डाचा नकाशा जोडला आणि गाळ्यावर टांगला.

"ताप आलाय का तुला?" त्साईदादाने विचारलं. तिसऱ्या दिवशी त्याच्याच गाळ्यात माझ्या बोर्डाची नक्कल आली, आठ युआनला.

बाईंनी मात्र बसून धडे लिहिले, मुलांनी अडलेलं सोडवून त्याखाली जोडलं, सगळं इंटरनेटवर खुलं. ते धडे त्याच्या बोर्डावरही चालतात. म्हणून शाळा तीस माझे घेते, तीस त्याचे. नावाजलेले बोर्ड अजून जागच्या जागी आहेत. त्यांना माझा पत्ताही नसेल. पण धडे वाचून बाहेरूनही थोडी मागणी येते, गाळा टिकला.

उदबत्ती लावाल तेव्हा गुआनबाईंची आठवण ठेवा. गुडघे दुखत असताना तीन जिने चढून आल्या होत्या बिचाऱ्या, आणि मी त्यांना बसायला स्टूलसुद्धा दिलं नव्हतं.