बर्फातल्या बाईचे कुंकू

मित्रांनो, मी एक जुने जपानी चित्र आहे. माझा कागद पिवळा पडला आहे आणि माझ्यातल्या बाईच्या कपाळावर एक तांबडा डाग आहे. तो डाग जपानात पडलेला नाही. तो रत्नागिरीत, मांडवीच्या एका घरात पडला.

आम्ही चार बहिणी. एकाने आम्हांला कागदावर काढले, दुसऱ्याने लाकडी फळ्यांवर कोरले, तिसऱ्याने छापले. प्रत्येक रंगाची फळी वेगळी. माझ्यासाठी चौदा फळ्या लागल्या. एक रंग जरा सरकला की कागद वाया जाई. आमच्या देशात ऋतू बदलला की बायकांची वस्त्रे बदलतात. वसंतातल्या बहिणीच्या अंगावर फुले होती. उन्हाळ्यातलीचे वस्त्र इतके पातळ की त्यातून कोपर दिसे. शरदातलीच्या बाह्यांवर लाल पाने होती. मी हिवाळा. अंगावर जाड निळी शाल, हातात छत्री आणि चहूकडे बर्फ.

काशीराम आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकी. कोबे बंदरातल्या दुकानात त्याने आम्हा चौघींना पाहिले आणि मला उचलले. त्याला बायकोला बर्फ दाखवायचा होता.

घरी त्याच्या बायकोने, मथुराने, मला दाराजवळ उजेडात धरले.

"ह्या लाह्या कोणी उधळल्यान हिच्यावर?"

"लाह्या नव्हेत गो. बर्फ तो. आभाळातनं पडतो."

"आणि अशात ही एकटी निघाली कुठं? घरात कोण नाय हिच्या?" ती हसली. मग तिने मला आणखी जवळ धरले. "कपाळ मोकळं हो हिचं."

"त्यांच्यात लावत नाहीत."

काशीराम पुन्हा बोटीवर गेला. दुसऱ्या दिवशी मथुराने आंघोळ केली, कपाळाला मेणाचे बोट लावून त्यावर कुंकू टेकवले आणि तेच बोट माझ्या कपाळावर टेकवले. नवरा पाण्यावर असताना घरात मोकळ्या कपाळाची बाई दाराकडे बघत असावी, हे तिला सोसेना. रोज आधी ती, मग मी. मेण कागदात मुरत गेले.

अकरा महिन्यांनी काशीराम आला आणि त्याने मला पाहिले.

"वाट लावलीस चित्राची! सगळ्या मांडवीत असं चित्र कोणाकडं नाय!"

"तुमी पाण्यावर, नि घरात ही अशी. माझ्यानं बघवना."

"देवाची तसबीर हाय काय ती? तुला काय कळतंय त्यातलं!"

दुसऱ्याच दिवशी तो मला घेऊन गेला आणि चौकटीत काच बसवून आणली. चार दिवसांनी त्याची बोट होती. निघताना मथुरा म्हणाली, "सांभाळून." त्याने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुरा माझ्यासमोर उभी राहिली. तिने काचेवरच, माझ्या कपाळासमोर, कुंकू लावले. रोज ओल्या फडक्याने जुने पुसायचे, नवे लावायचे.

शेजारची भागूबाई म्हणाली, "काचेला गो कसलं कुकू? आल्यावर परत बोंबलेल तो."

"येतील तवा पुसून टाकीन. कळायचं नाय त्यांना."

भाद्रपदात मथुराला ताप आला. सतरा दिवस ती अंथरुणावर होती. काचेवरचे कुंकू तापाच्या आदल्या दिवसाचेच राहिले. शेवटी शेवटी ती भागूबाईला म्हणाली, "वैनी, तेवढं चित्र पुसून ठेव. ते परत रागावतील." भागूबाईने हो म्हटले. मथुरा गेल्यावरच्या धावपळीत ते राहून गेले.

काशीरामला बातमी मुंबईत, बोटीवरून उतरल्यावर कळली. तो घरी आला तेव्हा तीन महिने झाले होते. भागूबाईने कुलूप काढले, समोर मला पाहिले आणि तिला आठवले. ती पदराचे टोक भिजवून धावली.

"थांबा भावजी, एवढं पुसून घेते."

"काय पुसतेस?"

"मथुराला शब्द दिलाय." आणि तिने सगळे सांगितले.

काशीराम उंबऱ्यातच उभा होता. "मी बोललो त्यानंतरही लावायची?"

"तुमी गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं. रोज."

"माझ्यावर राग धरून गेली असेल ती."

"रागातली बाई कोणासाठी असं रोज कुकू लावील होय?"

त्याने पुढे होऊन भागूबाईचा हात धरला. "नको पुसूस."

त्यानंतर काशीराम बोटीवर गेला नाही. काचेची धूळ तो स्वतः पुसे. कुंकवाभोवती फडके फार हळू फिरवी. पण दोन पावसाळ्यांच्या दमट हवेत ते सुटत गेले, आणि एका सकाळी काच कोरी होती. त्याने मला उतरवून दाराजवळ उजेडात धरले. मग त्याला काचेखालचा डाग दिसला. ज्यावरून तो ओरडला होता, तोच. रागाच्या भरात बसवलेल्या काचेने त्या डागाला ना पाणी लागू दिले, ना हात. काशीरामने काचेवर, बरोबर त्या डागासमोर, बोट टेकवले.

मित्रांनो, जुन्या चित्रांना ओल लागू देऊ नका, उन्हात टांगू नका. पण डाग दिसला तर पुसण्याआधी विचारा, हे बोट कोणाचे? आणि ते माणूस घरात आहे तोवर विचारा. काशीरामने भागूबाईला विचारले. मथुराला विचारायचे राहून गेले.