सुई मी मुद्दाम सोडली

मी एक जुना चिमटा आहे. ऑपरेशनमध्ये टाके घालताना सुई धरतो, तो. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही.

पोलाद ठोकून मला घडवलं, जबड्यात बारीक दाते कोरले. वीस वर्षं थोरल्या सिस्टरांनी मला धुतलं, पुसलं, सांध्यात तेल घातलं. इतर चिमट्यांना त्या नुसतं "ए" म्हणत, मला "अहो".

मग शिंपीकाका आले. साखरेच्या आजाराने पाय बधिर, त्यामुळे चपलेतला खिळा रुतला तरी कळलं नाही. पाय सडला. सडकं कापून काढल्यावर पावलावर तळहाताएवढी जखम उरली. पाय राहिला तरच त्यांचं शिलाई मशीन चालणार होतं.

"आत अजून पू आहे. उघडी राहू द्या," सिस्टर म्हणाल्या.

पण ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना दुसऱ्या दिवशी पाहुण्या डॉक्टरांना बंद जखम दाखवायची होती. "ओढून शिवतो," ते म्हणाले.

कमरेखालीच भूल दिलेली, काका जागे होते. "साहेब, कमी कापड ओढून शिवलं की उसवतं."

"काका, तुम्ही पायजमे शिवा."

"शिवतोच. पण माझं गिऱ्हाईक उसवलेला पायजमा घेऊन परत येत नाही."

साहेबांनी ऐकलं नाही. माझ्याच जबड्याने कातडी ताणून शिवली. आत पू कोंडला, पाचव्या दिवशी टाके फाटले आणि काकांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. ते पाप माझ्या दातांनी केलं होतं. मी डूख धरला.

आठवड्याने साहेब काकांची तीच जखम पुन्हा तसंच ओढून शिवायला बसले. सुई टोचायची वेळ आली आणि मी जबडा ढिला सोडला. सुई गर्रकन फिरली. पुन्हा सोडला. तिसऱ्या खेपेला ती साहेबांच्याच बोटात घुसली. मला भिरकावून ते हात धुवायला पळाले.

धाकट्या डॉक्टरीणबाई तेवढ्यात पुढे झाल्या. "सिस्टर, टाके नकोत. रबरी दोरी द्या."

त्यांनी जखमेच्या दोन्ही कडांतून ती दोरी बुटाच्या नाडीसारखी ओवली. रोज जखम धुतली, रोज दोरी थोडी आवळली. अठराव्या दिवशी कडा आपसूक भेटल्या. काका आता मशीन चालवतात, असं सिस्टर सांगत होत्या.

सुई सोडतो म्हणून मी आता भंगाराच्या डब्यात आहे. मित्रांनो, घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर रोज त्यांचे तळपाय बघा. पू असलेली जखम कुणी घाईने शिवू लागलं तर आधी तोंडाने सांगा. साहेबांचं बोट महिनाभर ठणकत होतं म्हणे. ठणकू दे.